आपल्या माणसाचा भाव

कतारच्या दोहा शहरातल्या त्या शिकार-प्रदर्शनात कसले कसले वास होते, ते सांगून खरं वाटायचं नाही. ऊद, बंदुकीच्या नळीला लावायचं तेल, कोरं चामडं, वेलचीची कॉफी, ससाण्यांच्या पिसांचा कोंदट वास… आणि दुपारच्या नमाजासाठी हॉल जवळजवळ रिकामा झाला तेव्हा एका स्टॉलच्या काळ्या पडद्याआडून आलेला सुक्या जवळ्याच्या चटणीचा वास.

हा शेवटचा वास हुस्ना मुकादमच्या डब्यातला होता.

स्टॉलवर खायचं नाही, हा नियम तिचाच. खुर्चीत बसायचं नाही, मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, शेजारच्या स्टॉलवाल्याशी गप्पा ठोकायच्या नाहीत, हेही तिचेच. प्रदर्शनं भरवणाऱ्या एका ऑफिसात तिने पूर्वी नोकरी केली होती. कोण धंदा करून जातो आणि कोण फुकटची पेनं पिशवीत भरून जातो, हे तिने जवळून पाहिलं होतं. पण पोटाला नियम कळत नाहीत. सकाळपासून ती एकटीच उभी होती, आणि आई खतिजाबीने डब्यात तांदळाची भाकरी अन् जवळा दिला होता. तो काय शेजाऱ्यांना वाटायला?

"आमसूल घातलंय का?"

पडद्याबाहेरून आवाज आला. मराठीत. हुस्नाच्या घशात घास अडकला. तिने डबा खुर्चीखाली सारला, तोंड पुसलं आणि बाहेर आली.

समोर एक उंच, मानेत जरासा वाकलेला तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, गळ्यात हिरव्या पट्टीचा बिल्ला. आता हे बिल्ल्याचं प्रकरण समजून घ्यायला हवं. या प्रदर्शनात निळी पट्टी म्हणजे स्टॉलवाला, पांढरी म्हणजे बघ्या आणि हिरवी म्हणजे खरेदीदार. स्टॉलवर उभी असलेली माणसं आधी पट्टी बघतात, मग तोंड. हुस्नानेही तेच केलं.

"सॉरी सर," ती इंग्रजीत म्हणाली. "कसला वास?"

"वास मी म्हणालोच नाही," तो मराठीतच म्हणाला. "मी फक्त आमसूल म्हटलं."

हुस्नाचे गाल तापले. मग तिला वाटलं, आता लपवून तरी काय उपयोग. "आमसूल नाही. चिंच आहे."

"मग तुम्ही दाभोळकडच्या."

"कशावरून?"

"अंदाज. आमच्या म्हसळ्याला आमसूल घालतात. चिंच घातली तर माझी आई ताट बाजूला सारते."

"तुम्ही नाही ना सारणार?" हे शब्द तोंडून गेल्यावर हुस्नाला कळलं की आपण खरेदीदाराला जेवायचं आमंत्रण दिलंय.

"ताट मिळालं तर सांगता येईल," तो गंभीरपणे म्हणाला.

त्याने भाकरीचा चतकोर उभ्याउभ्याच खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. समोरच्या स्टॉलवर साखळीने बांधलेल्या बंदुका चकचकत होत्या, वरून एसीचा थंडगार झोत येत होता, आणि हा माणूस जवळा असा खात होता की हुस्नाला क्षणभर बघतच राहावंसं वाटलं. पण ती स्टॉलवर कामाला उभी होती.

"सर, आमची कव्हरं बघता?"

"सर नको. फुजैल. फुजैल सरखोत. आणि मी खरं तर—"

"मी हुस्ना. आधी हे बघा, मग बोला."

तिने बंदुकीचं कव्हर टेबलावर पसरलं. बाहेरून जाड कॅनव्हास, कडेला चामडं, आत लोकरीचं अस्तर. फुजैलने ते हातात घेतलं आणि उलटं केलं. गिऱ्हाईक वरून बघतं. हा आतून बघत होता, शिवण नखाने तपासत होता.

"अस्तर सुटं?"

"बटणावर आहे. काढून वाळवता येतं. फोमवाल्या कव्हरात ओल आतच राहते, मग नळीला गंज चढतो. इथे सप्टेंबरात हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच."

"दर्याकाठच्या माणसाला गंज शिकवू नका," तो हसून म्हणाला. "काम मात्र छान आहे हां… फारच छान. कोण शिवतं?"

"माझे अब्बा. इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप आहे. आणि दोन कारागीर."

इथे हुस्नाची जीभ घसरली. धंद्यात भाव दोन असतात, एक ओठातला आणि एक पोटातला. ओठातला सगळ्यांना सांगायचा. पोटातला म्हणजे ज्याच्या खाली गेलं की शिवणाऱ्याच्या हाती दोराही उरत नाही तो. हा पोटातला भाव तिने एकाच माणसासाठी जपून ठेवला होता. त्याचं नाव बू राशिद. दोह्यातलं शिकारीच्या सामानाचं मोठं दुकान त्याचं. अब्बांच्या, म्हणजे मजीद मुकादमच्या, वर्कशॉपचं निम्म्याहून जास्त काम त्याच्याकडून यायचं, आणि यंदा त्याने निरोप धाडला होता की कव्हरं कुणाची घ्यायची ते प्रदर्शन बघून ठरवीन. त्याने दुसऱ्याची घेतली तर वर्कशॉप खलास. मग अल हिलालमधला फ्लॅट सोडायचा आणि दाभोळला जायचं, जिथे हुस्ना सुट्टीपुरतीच राहिली होती. एवढं सगळं त्या एका भावावर लटकलेलं.

आणि तो भाव तिने फुजैलला सांगून टाकला.

"आपला माणूस म्हणून सांगते," वर असंही म्हणाली.

कोकणी माणूस परक्या देशात एरवी हिशेबी असतो. पण गावाचं नाव निघालं, जवळा निघाला, की त्याचा हिशेब पार कोलमडतो.

फुजैलचे कान लाल झाले. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं," तो हळूच म्हणाला. "ऐका, मी—"

तेवढ्यात नमाज आटोपून लोकांचा लोंढा आत आला. एका कुटुंबातली चार पोरं कव्हरांवर तुटून पडली, त्यांच्या बापाला फोटो हवा होता. हुस्ना तिकडे वळली. फुजैलने टेबलावरचं तिचं कार्ड उचललं.

"उद्या येतो. एक सांगायचं राहिलं."

"या की. डब्यात उद्या आमसूल असेल."

हे तिने नक्की कशासाठी म्हटलं, धंद्यासाठी की आणखी कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घरी मजीद मुकादम गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून बसले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते प्रदर्शनाला जात नसत, घरूनच फोनवर सूचना सोडत. उंटावरून शेळ्या हाकण्याची हौस त्यांना पहिल्यापासून होती, आणि इथे तर उंटही मुबलक.

"काय गो, गावला का कोण?"

"एक खरेदीदार आला होता. म्हसळ्याचा. त्याला काम आवडलं."

"दुकान खंयचा त्याचा?"

हुस्ना पर्स चाचपू लागली.

"कार्ड?"

कार्ड घेतलंच नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड घ्यायचं, मागच्या बाजूला त्याला काय हवं ते लिहायचं आणि पुढची भेट ठरल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, हा तिचा सगळ्यात मोठा नियम. तो तिने एका चतकोर भाकरीपायी मोडला होता.

"नाव तरी विचारलंस ना?" खतिजाबीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"फुजैल सरखोत."

"दिसायला कसा आहे?"

"आई, तो खरेदीदार आहे."

"खरेदीदाराला दिसायला नसतं होय?" खतिजाबी म्हणाली आणि भाजीला फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी डब्यात खरंच आमसूल घातलेला जवळा होता. हुस्नाने सकाळपासून त्या वाकलेल्या मानेची वाट बघितली. दुपार टळत आली तरी पत्ता नाही. शेवटी शेजारच्या स्टॉलवाल्याला लक्ष ठेवायला सांगून ती पलीकडच्या हॉलमध्ये करक, म्हणजे इकडचा दाट उकळलेला दुधाचा चहा, आणायला गेली. आणि चहाचा कागदी पेला हातात घेऊन वळली तर समोर तो.

मोठ्या बॅनरखाली उभा होता. बॅनरवर अरुणकुमार साहेब म्हणून एका व्यापाऱ्याच्या ट्रेडिंग कंपनीचं नाव. पाठीमागे बंदुका ठेवायच्या पोलादी तिजोऱ्यांची रांग, त्यांच्या शेजारी बाहेरून मागवलेल्या स्वस्त कव्हरांची चळत. आणि गळ्यात, आज, निळ्या पट्टीचा बिल्ला.

ही कंपनी यंदा बू राशिदच्या मागे लागली आहे, हे हुस्नाला ठाऊक होतं. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

फुजैलने तिला पाहिलं. तो टेबल ओलांडून येतोय हे दिसताच ती दाराकडे चालू लागली आणि थेट बाहेर पडली. बाहेर सप्टेंबरची दमट उकाड्याची हवा. एसीतून आलेल्या तिच्या चष्म्यावर एका क्षणात वाफ धरली. समोरचं सगळं पांढरं. पायऱ्याही दिसेनात, म्हणून तिला थांबावं लागलं.

"हुस्ना, ऐकून तर घ्या."

"चष्मा पुसून होईपर्यंत बोलू नका. मला माणूस दिसत नसला की त्याचं खरं वाटतं, आणि तो धोका मला आता नको आहे."

तो थांबला. खरंच थांबला. तिने ओढणीने काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवल्या, त्या पुन्हा धुकटल्या. पुन्हा पुसल्या.

"हं. बोला."

"माझा बिल्ला काल तयार नव्हता. नोंदणीवाल्याने म्हटलं, आजच्यापुरता हा घाल. हिरवी पट्टी घातल्यावर कळलं, ज्या स्टॉलवर जावं तिथे कॉफी पाजतात, खजूर देतात. मला मजा वाटली."

"आणि मी जवळा वाढला."

"तुम्हाला मी दोनदा सांगायला गेलो. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

"जवळा खाण्याआधी सांगता आलं असतं."

"ते खरं," तो म्हणाला. "तेव्हा मला जवळा हवा होता."

दुसरी कुणी असती तर हसली असती. हुस्नाच्याही ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, पण तिने ते गिळलं.

"माझा भाव साहेबांना सांगितलात?"

"नाही."

"त्यांनी विचारला?"

"विचारला. कव्हरवाल्यांचा भाव काढून आण, असंच सांगितलं होतं. काल मी त्यासाठीच हिंडत होतो."

हे मात्र तोंडात मारल्यासारखं लागलं. तरी निदान खोटं बोलला नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. आणि तसं मनात आलं म्हणून तिला स्वतःचा जास्तच राग आला.

"आज बोलला नाहीत, उद्या बोलाल. नोकरी आहे तुमची. मी तुमच्या जागी असते तर…" पुढे काय, ते तिला सुचेना. "तुमच्यावर नाही चिडले मी. माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला."

"चिडलात तर बरं होईल," फुजैल म्हणाला. "चिडलेल्या माणसाशी पुन्हा बोलता येतं."

ती आत निघून गेली. चहा तिथेच कठड्यावर राहिला.

घरी तिने सगळं सांगून टाकलं. मजीद बराच वेळ गुडघा चोळत राहिले. "उद्या बू राशिद आला की आणखी खाली ये," ते शेवटी म्हणाले. "त्या लोकांना आपला भाव कळला, आता ते त्याच्याही खाली जाणार."

"खाली आलो तर तुम्ही फुकट शिवणार का, अब्बा?"

"बसून तरी काय करू?"

हे उत्तर ऐकून हुस्ना रात्रीचं नीट जेवली नाही. बाप फुकट शिवायला तयार आहे, आणि का, तर मुलीला एक तरुण आवडला आणि तिची जीभ सैल सुटली. आवडला, हा शब्द तिने मनातल्या मनात पहिल्यांदाच वापरला. नको तेव्हा वापरला.

बू राशिदशी भेट तिने प्रदर्शनाच्या कितीतरी आधी, निरोपानिरोपी करून पक्की केली होती. प्रदर्शनात मोठा माणूस चालता चालता आपल्या स्टॉलवर येईल असं जे समजतात, ते आयुष्यभर पेनंच वाटतात. तिसऱ्या दिवशी अस्रच्या, उतरत्या दुपारच्या, नमाजानंतर तो ठरल्या वेळी आला. पांढरा शुभ्र झगा, छाटलेली पिकली दाढी, आणि जुन्या गल्फवाल्यांची असते तशी तुटकी पण ठणठणीत हिंदी. एकुलत्या एक खुर्चीत तो बसला. हुस्नाने कॉफी दिली.

त्याने कव्हर उलटं करून शिवण बघितली. त्या हालचालीने हुस्नाला दुसऱ्याच कुणाची तरी आठवण झाली, आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

"अरुणकुमार का रेट आया," बू राशिद म्हणाला. "अब तुम बोलो."

ही ती घटका. अरुणकुमारने काय सांगितलं असेल? आपला आकडा ठाऊक असेल तर त्याच्या एक पायरी खाली. म्हणजे आपण दोन पायऱ्या खाली जायला हवं. मजीदचं म्हणणं कानात होतं. डोळ्यांपुढे मात्र मजीदचे हात आले, शिवणाच्या सुईने बोटांना पडलेले घट्टे. ते हात फुकट राबवायचा अधिकार आपल्याला नाही, एवढं तिला त्या क्षणी लख्ख कळलं. गेलं तर जाऊ दे, असं म्हणून तिने पोटातला भाव सांगितला. तोच. एक पैसाही खाली नाही.

बू राशिदने कॉफीचा घोट घेतला. आणखी एक घेतला. मग नको आता, या अर्थी रिकामा पेला बोटांत हलवला.

"अरुणकुमार ऊपर है," तो म्हणाला.

हुस्नाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"ऊपर है. थोड़ा नहीं, अच्छा ऊपर." बू राशिद आता हसत होता. "उसका एक लड़का है उधर, लंबा. मैं पूछा, मजीद का कव्हर कितना, तुम्हारा कितना? लड़का बोला, कव्हर की बात मेरे से मत करो. मजीदवालों ने अपना समझ के मुझे रेट बोल दिया, मेरा बिल्ला गलत था. वो बात अमानत है. तिजोरी का पूछो, तिजोरी का सब बोलेगा."

"साहेबांसमोर बोलला?" हुस्नाच्या तोंडून मराठीच निघालं. मग तिने हिंदीत विचारलं.

"सामने. अरुणकुमार लाल हो गया. फिर खुद रेट बनाया, अंदाज से." त्याने पेला टेबलावर ठेवला. "लड़का मुँह खोलता तो तुम खलास. समझा? यल्ला, चलो, पूरा सीझन मजीद का कव्हर. और तिजोरी अरुणकुमार की. तुम्हारा कव्हर उसकी तिजोरी में टँगना चाहिए. दोनों बैठ के माप मिलाओ."

तो उठून गेला. हुस्नाचा जीव भांड्यात पडला, पण भांडं कुठे ठेवलं ते तिला आठवेना. तिने अब्बांना फोन केला. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला, मग खतिजाबीने फोन घेतला आणि म्हणाली, "रडतायत. तू ये घरी."

घरी जाण्याआधी ती पलीकडच्या हॉलमध्ये गेली. काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं. बॅनरखाली अरुणकुमार साहेब स्वतःच उभे होते.

"सरखोत? ही इज अ गुड बॉय, मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "लेकिन इतना सच्चा आदमी सेल्स में नहीं चलता. रास लफान भेज दिया, गैस प्लांट में, लॉकर फिटिंग पे. वहाँ किसी को रेट नहीं बोलना पड़ता."

प्रदर्शन संपलं. हुस्ना पुन्हा तिच्या नियमांवर आली. खरा धंदा प्रदर्शन उठल्यावरच सुरू होतो, आठवडाभरात फोन केला नाही तर गोळा केलेलं कार्ड रद्दी, असं ती नेहमी म्हणायची. तिने एकेकाला फोन केले, निरोप पाठवले, नमुने धाडले. कुवेतचा एक दुकानदार गळाला लागला. सगळं यथासांग झालं.

फुजैलचा मात्र फोन आला नाही. तिचं कार्ड त्याच्याकडे होतं, त्याचं तिच्याकडे नव्हतं. फोन वाजला की ती आधी नंबर बघायची आणि मग आवाज बेताचा ठेवून हॅलो म्हणायची. कळत होतं तिला. आता फोन केला तर केलेल्या उपकाराची आठवण करून दिल्यासारखं होईल, म्हणून तो करत नसणार. असल्या माणसाचं करायचं तरी काय?

"सगळ्यांना फोन केलेस," खतिजाबी तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "त्याला?"

"त्याचं कार्ड नाही माझ्याकडे."

"कंपनीचा नंबर बॅनरवर होता ना, गो? एवढा मोठा बॅनर, तूच सांगत होतीस."

"त्याला करू दे की."

"म्हणजे दोघं सच्चे राहा आणि म्हातारे व्हा. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. धंदा शिकलीस ना तू?"

हुस्नाने त्याच दुपारी अरुणकुमार साहेबांना फोन लावला. बू राशिदने सांगितलंय, तिजोरी आणि कव्हरांचं माप जुळवायचं आहे, एक तिजोरी नमुना म्हणून वर्कशॉपला पाठवा, असं अगदी कामापुरतं बोलली. आणि माप घ्यायला माणूसही.

"कोई भी चलेगा?"

"जो लॉकर बिठाता है, वही ठीक रहेगा," हुस्ना म्हणाली. "उसको माप मालूम होगा."

अरुणकुमार साहेब काही दुधखुळे नव्हते. "वो फ्रायडे को ही छुट्टी पे दोहा आता है, मॅडम."

"फ्रायडे चलेगा."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर पिकअप आली. इंडस्ट्रियल एरियातल्या त्या गल्लीत सगळी शटरं बंद होती, एक मुकादमांचं सोडून. फुजैल उतरला. रास लफानच्या उन्हाने काळवंडला होता, मान तशीच जराशी वाकलेली. त्याने आधी मजीदना सलाम केला, मग खतिजाबीला, आणि हुस्नाकडे बघून नुसती मान हलवली.

दोन कारागिरांनी तिजोरी उतरवली. मापं झाली. कव्हर आतल्या हुकाला लावलं तर खाली चार बोटं दुमडत होतं, म्हणून मजीदनी पट्टा आखूड करून दिला. काम करताना मजीद आणि फुजैल एकमेकांशी गावचं बोलत होते, अमक्याची होडी आणि तमक्याची मशीद, आणि गुडघे दुखतात हे मजीद साफ विसरले होते. हुस्ना बाजूला उभी राहून टेप धरत होती. टेपच्या दुसऱ्या टोकाला त्याची बोटं होती. दोघांनीही टेप गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असलं तर खतिजाबीच्याच.

"पाणी देऊन ये गो त्या ड्रायव्हरला," ती म्हणाली. "आणि याला दाखव गाडी कुठे वळवायची ते."

गाडी जिथे उभी होती तिथून वळायला मैदानभर जागा होती. पण दोघं मुकाट्याने बाहेर आले. दार लोटलं आणि हुस्नाच्या चष्म्यावर भसकन वाफ धरली.

फुजैल थांबला. ती काचा पुसेल म्हणून वाट बघत राहिला. तिने पुसल्या नाहीत.

"पुसा ना. नाही तर मी बोलू शकत नाही, असा नियम आहे."

"तुम्ही बोलू नकाच. मीच बोलते." समोर नुसता पांढरा धूसर आकार होता आणि त्यामुळे सोपं जात होतं. "फोन का नाही केलात?"

"तुम्हाला वाटलं असतं, मोबदला मागायला आला."

"वाटलं असतं," तिने कबूल केलं. "नोकरीचं काय झालं?"

"लॉकर बसवतोय. बरं आहे तिथे, तिजोऱ्या कुणाला काही विचारत नाहीत. फक्त मेसमध्ये जवळा नसतो."

"त्या दिवशी म्हणालात, एक सांगायचं राहिलं. ते बिल्ल्याचंच होतं?"

रस्त्यावरून कामगारांची एक रिकामी बस गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत तो थांबला.

"आधी तेच होतं," तो म्हणाला. "रात्रीपर्यंत ते दुसरंच झालं होतं. पण मग ते सांगायला माझ्याकडे तोंड राहिलं नाही."

"मग मी सांगते." हुस्नाने श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. जवळा मागितलात तेव्हा नाही हं. तेव्हा मला तुम्ही खरेदीदार वाटलात, आणि खरेदीदार सगळेच आवडतात. भाव सांगितला नाहीत, तेव्हापासून."

"मला मात्र जवळ्यापासूनच," फुजैल म्हणाला. "डबा खुर्चीखाली सारून इंग्रजीत 'कसला वास' विचारलंत ना… तेव्हाच."

तिने आता चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि घातला. तो समोरच होता, कान लाल झालेले. तिला वाटलं होतं त्याहून थोडा जवळ.

"कार्ड द्या," ती म्हणाली.

"कार्डं सेल्सवाल्यांना मिळतात. मला काढून घेतली."

"मग भेट ठरवा. पुढची भेट ठरल्याशिवाय मी कुणाला स्टॉलवरून जाऊ देत नाही. तुम्हाला एकदा जाऊ दिलं, आणि बघा काय झालं."

"पुढच्या शुक्रवारी," फुजैल म्हणाला. "घरी, अल हिलालला. माझ्या आईला फोनवर घेऊन येतो. तिला तुमच्या आईशी बोलायचं आहे."

"काय बोलायचंय?"

"ते दोन आयांचं. मला काय विचारता?" मग तो जरा अडखळला. "फक्त… चिंचेचं तिला सांगू नका इतक्यात."

तो पिकअपमध्ये बसला. ड्रायव्हरने गाडी मैदानात कुठेही न अडखळता वळवली आणि ती रास लफानच्या रस्त्याला लागली. हुस्ना आत आली. मजीद तिजोरीचं दार उघडझाप करून बघत होते. खतिजाबीने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि टेप गुंडाळून ठेवली.

संध्याकाळी घरी आल्यावर खतिजाबीने स्टुलावर चढून फडताळाच्या अगदी वरच्या कप्प्यातून आमसुलांची बरणी काढली, पुसली आणि हाताशी येईल अशी खालच्या कप्प्यात ठेवली.